बाँडवरचा प्लॉट आणि वडिलांचं घर

प्रश्न : वकीलसाहेब, मी उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. पगार हातात ३२ हजार येतो. मार्च २०२३ मध्ये बेळगावजवळच्या एका गावात ३० बाय ४० चा प्लॉट बाँडवर, म्हणजे शंभराच्या स्टँप पेपरवर करार करून, घेतला. किंमत ९ लाख ठरली, त्यातले ६ लाख दिले आहेत. २ लाख चेकने, ४ लाख रोख. मालक माझ्या मामांच्या ओळखीचे. दीड वर्षात एन.ए. (बिगरशेती) करून खरेदी देतो म्हणाले होते, अजून काही हालचाल नाही. बँकेने घरकर्ज नाकारलं. ज्या एजंटाने जागा दाखवली तो आता म्हणतो, खानापूर तालुक्यातलं वडिलांचं घर तारण ठेवा, सोसायटी १५ टक्क्यांनी १२ लाख देईल, काम सुरू करा, एकदा घर उभं राहिलं की कोण काढतंय? शेजारीपाजारी लोकांनी अशीच घरं बांधली आहेत. भाड्याच्या घरात किती वर्षं काढायची? काय करू? आणि तोवर निदान कंपाउंड घालून ठेवू का? बाँड आणि उताऱ्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे.
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : वडिलांचं घर तारण ठेवू नका. पुढचं सगळं वाचायला वेळ नसला तरी एवढं आज रात्रीच घरात सांगून टाका, आणि एजंटालाही कळवा.

आता कारण सांगतो. तुम्ही पाठवलेला बाँड कानडीत टाइप केलेला आहे आणि खाली तुमची सही मराठीत आहे. तो तुम्हाला कुणी पूर्ण वाचून दाखवला असेल असं वाटत नाही. पहिल्या पानावर फक्त नावं, जमिनीचा रि.स.नं. (सर्व्हे नंबर) आणि रक्कम आहे. खरी गोष्ट दुसऱ्या पानावर आहे. तिथे लिहिलंय की १८ महिन्यांत बिगरशेती करून खरेदीपत्र करून देऊ, आणि तसं न झाल्यास दोन्ही बाजूंनी आपसात समजुतीने मिटवावं. म्हणजे मालकाने शब्द पाळला नाही तर काय, याबद्दल बाँड मूग गिळून बसला आहे. पैसे परत देण्याची मुदत नाही, व्याजाचं नाव नाही. त्याखाली आणखी एक ओळ आहे, ‘जागेचा कब्जा आजच दिला आहे’. ही ओळ तुमच्या भल्यासाठी घातली असं तुम्हाला सांगितलं असेल. ती तुम्हाला कशी महाग पडू शकते ते पुढे सांगतो.

हा बाँड म्हणजे खरेदी नव्हे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची तर नोंदणीकृत खरेदीपत्रच लागतं. तसं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ आणि नोंदणी कायद्याचं कलम १७ सांगतं. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नाही. तुमच्या हातात आहे ते नोंदणी न झालेलं संचकार पत्र, म्हणजे पुढे विकण्याचं नुसतं वचन. कब्जा मिळाला की निदान हुसकावून तरी लावणार नाहीत, असं संरक्षण पूर्वी हस्तांतरण कायद्याचं कलम ५३-अ देत असे. पण २४ सप्टेंबर २००१ नंतरच्या करारांना ते हवं असेल तर करार नोंदलेला असावा लागतो. तुमचा नाही. कागदावर आजही ती जागा मालकाचीच आहे.

आणि ‘मालकाची’ म्हणजे कुणाची? उतारा पुन्हा बघा. ९ नंबरच्या रकान्यात चार नावं आहेत. तुमचे मालक, त्यांचा भाऊ आणि दोन बहिणी, वारसा डायरीने (फेरफार नोंदीने) लागलेली. बाँडवर सही एकट्या मालकाची. बहिणी लग्न होऊन गेल्या, त्या काही मागणार नाहीत, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. पण मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं आहे. उरलेल्या तिघांवर तुमचा बाँड बंधनकारक नाही. शिवाय ११ नंबरच्या रकान्यात पीकेपीएसच्या (गावच्या कृषी पतसंस्थेच्या) पीककर्जाचा बोजा आहे. तो फेडून कमी करून घेतल्याशिवाय गाडं पुढे सरकणार नाही.

बँकेने नाही म्हटलं याचा तुम्हाला राग आला आहे, तो मी समजू शकतो. पण बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाने जे बघितलं तेच मी बघतो आहे. घरकर्ज देताना बँक मिळकतीची मूळ कागदपत्रं ठेवून घेते. तुमच्याकडे ठेवायला कागदपत्रंच नाहीत. दुसरं असं की, थकलेल्या कर्जासाठी बँका कोर्टात न जाता तारण जप्त करतात तो २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. बिगरशेती न झालेल्या तुकड्यावर घरकर्ज द्यायला बँका म्हणूनच तयार नसतात. त्या नकारात तुम्हाला फुकटात एका वकिलाचा अहवाल मिळाला आहे, तो वाया घालवू नका.

सोसायटी मात्र हो म्हणते, कारण तिला प्लॉटशी देणंघेणं नाही. तिचं लक्ष वडिलांच्या घरावर आहे. हिशोब करा. १२ लाख, १५ टक्के, १० वर्षं मुदत धरली तर हप्ता साधारण १९ हजार ३६० रुपये बसतो आणि एकूण फेड २३ लाखांच्या वर जाते. पगार ३२ हजार, त्यात घर उभं राहीपर्यंत भाडंही चालूच. एखाद्या तिमाहीला फाउंड्रीत ओव्हरटाइम बंद झाला की हप्ता थकणार. थकबाकी झाली की सोसायटी सहकार खात्याकडून निवाडा घेऊन जप्तीकडे वळते, आणि जप्ती येते ती खानापूरच्या घरावर. ते घर वडिलोपार्जित असेल तर त्यात तुमच्या भावंडांचाही वाटा आहे. तुमच्या भावंडांनी सह्या दिल्या तर तुमच्या कर्जाचं ओझं त्यांच्या डोक्यावर, नाही दिल्या तर घरात कायमची तेढ. ज्या जागेवर आपलं नाव नाही तिच्यासाठी नाव असलेली एकुलती एक मिळकत पणाला लावायची, हे मी कुणालाही सुचवणार नाही.

‘एकदा बांधलं की कोण काढतंय’ हे खूप ऐकायला मिळतं, आणि बऱ्याच ठिकाणी आजवर कुणी काढलंही नाही, हे खरं आहे. बेळगावभोवतालच्या गावांत ही सवय का रुजली तेही मला ठाऊक आहे. २०२० च्या दुरुस्तीपर्यंत शेतकरी नसलेल्याला कर्नाटकात शेतजमीन विकत घेता येत नव्हती. शहर गावांपर्यंत पसरलं, कामगारांना जागा हवी होती, शेतकऱ्याला पैसा, आणि मधला मार्ग म्हणून बाँड आला. पण न पाडलेलं घर म्हणजे कायदेशीर घर नव्हे. पंचायतीचा बांधकाम परवाना मिळत नाही. फॉर्म ९, म्हणजे पंचायतीचा मिळकत उतारा, मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये बजावलं आहे की पूर्णत्वाचा दाखला पाहूनच वीज-पाणी जोडावं आणि बँकांनीही तो पाहूनच कर्ज द्यावं. तेव्हा हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, मीटरपासून अडवणूक सुरू होऊ शकते. अक्रम-सक्रमची, म्हणजे अनधिकृत बांधकामं दंड घेऊन नियमित करण्याच्या सरकारी योजनेची, वाट बघणारेही पुष्कळ आहेत. ती योजना २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीत अडकली आहे, तिच्या भरवशावर पाया खणू नका. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, घर तुम्ही बांधलंत तरी जमीन त्या चौघांच्या नावावर. उद्या वाटणीचा दावा लागला तर तुमचं घर त्या दाव्यातली एक वस्तू होऊन बसेल.

मग करायचं काय? आधी घड्याळाकडे बघा. मार्च २०२३ पासून १८ महिने म्हणजे सप्टेंबर २०२४. करारात ठरलेली मुदत संपल्यापासून तीन वर्षांत खरेदी करून मिळण्याचा दावा लावावा लागतो, म्हणजे तुमची शेवटची हद्द सप्टेंबर २०२७. ‘बघू, करू, दिवाळीनंतर बसू’ या तोंडी बोलण्याने ही मुदत वाढत नाही. मामांच्या ओळखीचे आहेत म्हणून नोटीस पाठवायला संकोचू नका. सभ्य भाषेत, वकिलामार्फत, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. तीत लिहा की उरलेले ३ लाख देऊन खरेदी घ्यायला मी पहिल्यापासून तयार होतो आणि आहे. हे वाक्य दाव्याचा कणा आहे, आणि ते खरंही असलं पाहिजे. तेव्हा ते ३ लाख दुसरीकडे खर्चू नका.

नोटिशीत दोन पर्याय द्या. पहिला, चौघाही भागीदारांनी सही करून सब-रजिस्ट्रारकडे नवं संचकार पत्र नोंदवून द्यावं. त्यात बिगरशेती, लेआउटची मंजुरी आणि खरेदीपत्र यांच्या तारखा हव्यात, आणि त्या चुकल्या तर रक्कम व्याजासह परत करण्याची अट हवी. पत्र नोंदलं की ते इसीमध्ये (बोजा दाखल्यात) दिसतं. मग मालक तीच जागा दुसऱ्याला विकायला गेले तर घेणाऱ्याला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही. नव्या पत्राचा मसुदा कानडीत असेल तर त्याचं मराठी भाषांतर आधी हातात घ्या आणि घरी नेऊन शांतपणे वाचा, मगच सही करा. दुसरा पर्याय, ६ लाख परत. खरेदीसाठी आगाऊ दिलेल्या रकमेचा बोजा विकणाऱ्याच्या हिश्श्यावर राहतो, ही तरतूद हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे आणि ती तुमच्या बाजूची आहे. कोर्टात जायची वेळ आली तर खरेदीच्या मागणीसोबत रक्कम परतीची मागणीही त्याच दाव्यात घाला. मागितली नाही तर ती आपोआप मिळत नाही.

आता ती कब्जाची ओळ. कर्नाटकच्या मुद्रांक कायद्याप्रमाणे कब्जा दिल्याचं लिहिलेल्या संचकार पत्राला खरेदीपत्राइतकाच मुद्रांक लागतो. ९ लाखांवर ५ टक्के धरले तरी ४५ हजार. तुमचा बाँड १०० रुपयांचा. असा कागद कोर्टात पुरावा म्हणून ठेवला की तो अडवला जातो आणि कमी पडलेल्या मुद्रांकाच्या दहापट दंड लागतो, म्हणजे जवळजवळ साडेचार लाख. दावा लावण्याआधी कागद जिल्हा नोंदणी अधिकाऱ्यापुढे नेऊन मुद्रांक भरून घेता येतो. दंड किती लावायचा याबाबत तिथे अधिकाऱ्याला मोकळीक असते, कोर्टाला नसते. हे पाऊल चुकवू नका. दाव्याच्या खर्चात सगळ्यात मोठा फरक इथेच पडेल.

४ लाख रोख दिल्याची बाँडमध्ये नोंद आहे हे बरं झालं. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो, तोही घेतलेल्या रकमेइतका. याची धमकी देत फिरू नका, पण इथून पुढे एक रुपयाही रोख देऊ नका. फसवणुकीची फिर्याद करा असा सल्लाही कुणीतरी देईल. सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवता येत नसेल तर पोलीस ‘हा दिवाणी मामला’ म्हणून परत पाठवतात, आणि बोलणी मात्र तुटतात.

मालकाने खरंच कामाला हात घातला तर रस्ता असा आहे : चौघांचा अर्ज, बिगरशेतीचा आदेश, बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) हद्दीत गाव येत असेल तर बुडाकडून लेआउटला मंजुरी, पंचायतीकडून ई-स्वत्तुचे (पंचायत मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीचे) फॉर्म ९ आणि ११, मग खरेदीपत्र. एका गुंठाभर तुकड्यापुरतं हे होत नाही, मालकाला मोठा तुकडा घेऊनच करावं लागतं. त्याच लेआउटात बाँडवर घेतलेले तुमच्यासारखे आणखी लोक असतील. त्यांना गाठा. दहाजण एकत्र बसले की मालकही ऐकतात आणि खर्चही विभागतो.

हे सगळं मार्गी लागेल त्या दिवशी बँक तुम्हाला दारातून परत पाठवणार नाही. प्लॉट आणि बांधकाम मिळून एकच कर्ज मागा. ३० लाखांपर्यंतच्या घरकर्जाला रिझर्व्ह बँकेने मिळकतीच्या किमतीच्या ९० टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे, प्रत्यक्षात बँक त्याहून कमीच देते. १२ लाखांना साडेआठ टक्के आणि २० वर्षं धरली तर हप्ता १० हजार ४०० च्या आसपास येतो. १९ हजारांशी ताडून बघा. पैसे पाया, स्लॅब, गिलावा असे टप्प्याटप्प्याने मिळतात, म्हणून पहिल्या टप्प्यापुरती रक्कम तुमच्या खिशात हवी. नोंदणीचा खर्चही कर्जात सहसा धरत नाहीत. मुद्रांक ५ टक्के, त्यावर सेस आणि सरचार्ज, आणि ऑगस्ट २०२५ अखेरीपासून नोंदणी शुल्क १ वरून २ टक्के झालं आहे. ९ लाखांच्या जागेला सगळं मिळून ६८–६९ हजार बाजूला ठेवा.

मालकाकडून काहीच होत नसेल आणि पैसे परत मिळाले, तर एक विचार जरूर करा. वडिलांचं घर गावठाणात आहे असं दिसतं. त्याचा फॉर्म ९ निघत असेल आणि भावंडांत रीतसर, नोंदणीकृत वाटणी होत असेल, तर तुमच्या वाट्यावर नवं घर बांधायला बँकच कर्ज देईल. उद्यमबाग खानापूर रस्त्यावरच आहे, रोजची ये-जा तुमच्यासारखे कितीतरी कामगार करतात. पोरांच्या शाळेमुळे ते जमणार नसेल तर गोष्ट वेगळी, ते तुम्हीच ठरवा.

आणि कंपाउंडचं. चिरे आणून भिंत घालू नका, तो पैसा परत मिळणार नाही. कब्जा तुमच्याकडे असल्याचं दिसावं म्हणून सिमेंटचे खांब आणि काटेरी तार एवढंच पुरे. साहित्याची पावती तुमच्या नावाने घ्या, तार मारताना फोटो काढा, आणि ते फोटो नोटिशीच्या फाइलला लावून ठेवा.