कोकणात प्रेमाने ‘बाय’ म्हणतात, मग मुंबईत कोणी ‘बाई’ म्हटले की राग का येतो?

‘बाई’ हा शब्द मुळात मानाचाच असला, तरी शहरात तो घरकाम करणाऱ्या स्त्रीपुरता वापरला जाऊ लागल्यामुळे अनेकींना खटकतो. जिजाबाई, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई या नावांतील ‘बाई’ आदरार्थीच आहे. पुढे शाळेतल्या बाईंच्या ‘मॅडम’ झाल्या आणि धुणीभांडी करणारीला नावाऐवजी ‘बाई’ म्हणण्याची सवय पडली. शब्दाची पत घसरली ती त्या कष्टांना आपण कमी लेखतो म्हणून, आणि ही गोष्ट मला फार लागते. हा फरक क्रियापदात स्पष्ट दिसतो: ‘बाई आल्या’ म्हटले की शिक्षिका डोळ्यांपुढे येतात, ‘बाई आली’ म्हटले की कामवाली. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे आजी नातीला ‘गो बाय’ अशी हाक मारते, तिथे हा शब्द घरातच राहिल्याने त्याची माया टिकली. मात्र ही हाक आपल्या माणसांत, मोठ्यांनी धाकट्यांना मारायची असते. अनोळखी स्त्रीशी बोलताना कोकणातही ‘ताई’, ‘काकी’ किंवा ‘मावशी’ म्हणावे आणि क्रियापद आदरार्थी ठेवावे.