केपी बघून ट्रॉम्सोच्या तारखा ठरवता येतात का?

अरोरा, म्हणजे ध्रुवाकडच्या आकाशात रात्री दिसणारा रंगीत प्रकाश, बघायला फेब्रुवारीत पाच रात्री नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला यायचंय आणि ॲपमधला केपीचा अंदाज बघून तारखा ठरवू का, असं तुम्ही विचारलंय. नका ठरवू. सूर्यावर मोठा उद्रेक झाला, तर तिथून निघालेले कण पृथ्वीपर्यंत यायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. दोन महिने आधी कुणाला काय कळणार? सूर्य आपल्याला सुमारे 27 दिवसांत एक फेरी पूर्ण करताना दिसतो, त्यामुळे एखादं कोरोनल होल (सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातला विरळ भाग, जिथून कणांचा वारा जोरात सुटतो) टिकून राहिलं तर तेवढ्याच दिवसांनी पुन्हा समोर येतं. नोआ या अमेरिकन हवामान संस्थेचा 27 दिवसांचा अंदाज बराचसा याच्याच भरवशावर असतो.

मी इथेच राहतो. पाहुणे आले की संध्याकाळी पहिला प्रश्न, "आज केपी किती?" केपी हा अख्ख्या पृथ्वीवरच्या चुंबकीय हालचालीचा, तीन-तीन तासांचा, 0 ते 9 मधला आकडा. ट्रॉम्सो अरोराच्या पट्ट्याखालीच आहे, इथे केपी 2 पुरतो. 5-6 ची वाट स्कॉटलंडवाल्यांनी बघावी. मे 2024 मध्ये केपी 9 ला पोचला, लडाखमधल्या हानलेच्या कॅमेऱ्यांनी लाल अरोरा टिपला. आमच्याकडे तेव्हा रात्री काळोखच होत नव्हता!

रात्री बघायचं ते बी-झेड, म्हणजे सौरवाऱ्याबरोबर येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची उत्तर-दक्षिण दिशा. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने 15 लाख किमीवरच्या एल-1 बिंदूपाशी असलेली यानं ते मोजतात (आपलं आदित्यही तिथेच आहे). तिथून वारा इथे यायला साधारण अर्धा ते एक तास, वारा मंद असेल तर थोडा जास्त. बी-झेड उणे 5 नॅनोटेस्लाच्या खाली (उणे म्हणजे दक्षिणेकडे) जाऊन टिकला, की बूट चढवा. बी-झेड धन, म्हणजे उत्तरेकडे, असेल तर वारा कितीही जोरात असला तरी फारसं काही होत नाही. आणि ही दिशा यानापाशी पोचेपर्यंत खात्रीने सांगता येत नाही. गाजावाजा झालेली वादळं फुसकी निघतात ती बहुतेकदा यामुळेच.

सुरुवातीला दिसतो तो उत्तरेकडे एक फिकट राखाडी कमानीसारखा पट्टा. ढगच वाटतो. फोनवर तीन सेकंदांचं एक्स्पोजर लावून फोटो काढा, हिरवा आला तर जागचे हलू नका. कमानीची खालची कड धारदार व्हायला लागली की पुढच्या काही मिनिटांत ती हलायला लागेल.

खरा शत्रू ढग. त्यासाठी यर डॉट नो या नॉर्वेच्या हवामान साइटवर तासागणिक ढग बघा. किनाऱ्यावर आभाळ भरलेलं असताना गाडीने दीड-दोन तासांवरचं शिबोटन गाव बऱ्याचदा कोरडं असतं, कारण ते डोंगरांच्या आडोशाला आहे. म्हणून टूर घ्याल ती ढग चुकवत फिनलंडच्या सीमेपर्यंत गाडी नेणारी घ्या, एकाच तंबूत बसवणारी नको.

सुट्टी पुढे ढकलता येत असेल तर मार्चचा दुसरा-तिसरा आठवडा बघा. विषुवदिनाच्या आसपास चुंबकीय हालचाल सरासरीने जास्त असते आणि थंडीही जरा सोसवते.