सांख्यिकीतले डेटाचे प्रकार पाठ करूनही पेपरात का चुकतात?

व्याख्या पाठ आहेत म्हणता, घोटाळा तिथेच आहे. 'आकडा दिसला की संख्यात्मक, शब्द दिसला की गुणात्मक' हे सूत्र अजूनही वर्गात चालतं आणि त्याची मला मनस्वी चीड आहे. पिनकोड घ्या. जळगाव ४२५००१, भुसावळ ४२५२०१, धुळे ४२४००१. एक्सेल यांची सरासरी निमूट काढून देतं: ४२४७३४.३३. या पत्त्यावर पत्र पाठवून दाखवा. पिनकोड, गट नंबर, गाडीवरच्या एमएच १९ मधला १९, ही सगळी नावंच आहेत, फक्त अंकांत लिहिलेली. त्यांचा बहुलक, म्हणजे सर्वांत जास्त वेळा आलेलं मूल्य, काढता येतो, बस.

आता रावेरकडची केळीची बाग. कापणीला प्रत्येक घडाच्या चार नोंदी करा: वाण, प्रत, फण्या, वजन. वाण म्हणजे नुसतं नाव, सोडून द्या. फण्या मोजायच्या असतात, म्हणून खंडित. पाच घडांना ८, ९, ९, १०, ११ फण्या असतील तर सरासरी ९.४. 'पॉइंट चार फणी असते का?' म्हणून ९ लिहिणारे बरेच भेटतात. नोंद खंडित असते, सरासरीवर तसं बंधन नाही. वजन मापायचं असतं, म्हणून अखंडित. काट्यावर २१ किलो दिसलं म्हणून ते खंडित होत नाही. १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आणा, तोच घड २१.३ भरेल. 'रास किती पडली?' असं विचारतात ती या वजनांचीच सरासरी, आणि ती बरोबर आहे.

खरी गोम प्रतीत आहे. चांगल्या मालाला १, मध्यमला २, हलक्याला ३. एका बागेतले दोन घड १ आणि ३, दुसरीतले २ आणि २. सरासरी दोघांची २, म्हणजे बागा सारख्या? आता हलक्या मालाला ३ ऐवजी १० द्या. क्रम तोच राहिला, पण पहिली बाग ५.५ वर गेली, दुसरी २ वरच. जी सरासरी आपण दिलेल्या आकड्यावर नाचते ती मालाबद्दल काय सांगणार? अशा, फक्त क्रम सांगणाऱ्या क्रमदर्शक डेटाला मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं मूल्य, वापरा. फॉर्ममधल्या 'समाधानी आहात का, १ ते ५'ची सरासरी ४.२७ म्हणून मिरवणाऱ्यांनाही हेच लागू.

तापमानाचं वेगळं. भुसावळला मेमध्ये दुपारी ४४ अंश, डिसेंबरात पहाटे ११, म्हणजे चौपट उष्णता? फॅरनहाइटमध्ये हेच १११.२ आणि ५१.८, जेमतेम दुपटीच्या वर. सेल्सिअसचा शून्य सोयीने ठरवलेला, त्यामुळे फरक सांगा, पट सांगू नका. किलोचा शून्य खरा, तिथे पट चालते.

एक मात्र खरं, हे चार स्तर (पिनकोड नामदर्शक, प्रत क्रमदर्शक, तापमान अंतराल, वजन गुणोत्तर) काळ्या दगडावरची रेघ नाहीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्सने ते १९४६ मध्ये मांडले, त्यावर पुढे बरेच वाद झाले, आणि १ ते ५ची सरासरी संशोधनातही सर्रास काढतात. शिवाय प्रकार नोंदीवरही ठरतो: वय ३४ लिहिलंत तर गुणोत्तर, 'वयोगट ३० ते ४०' लिहिलंत तर क्रमदर्शक. पेपरात इथेच पाय घसरतो.

आणि एक्सेलमध्ये गट नंबर १२/२ टाकण्याआधी कॉलम 'टेक्स्ट' करा. नाहीतर त्याची तारीख होते, आणि मागाहून टेक्स्ट केलंत तर हातात भलतीच पाचआकडी संख्या उरते.