सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी तीन वर्षं पोट बिघडलेलंच. हे खरंच टेन्शनमुळे असेल का?

तुम्ही लिहिलंय की जेवलं की पोट डब्ब होतं, दिवसातून चार-पाचदा पातळ होतं, कधी पहाटे झोपेतून उठून पळावं लागतं, वजन आठ किलो उतरलं, सोनोग्राफी नॉर्मल, एंडोस्कोपी नॉर्मल, डॉक्टर म्हणाले आयबीएस (तपासणीत काही न सापडता आतडं बिघडलेलं राहणं) आहे, टेन्शन घेऊ नका. आणि सगळ्यात शेवटी जाता जाता लिहिलंय की व्हिडिओ बघून महिनाभर गहू बंद केलाय, तर जरा बरं वाटतंय.

मी त्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करते. सिलिअ‍ॅक नावाचा एक आजार आहे, त्यात गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे लहान आतड्याचं अस्तर झिजतं. गहू बंद ठेवून सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी करायला जाऊ नका. गहू पोटात जात नसला की रक्तातल्या त्या अँटीबॉडीज (ग्लुटेनमुळे शरीर तयार करतं ती प्रथिनं, टेस्ट त्याच शोधते) हळूहळू खाली येतात आणि आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, मग तो निगेटिव्ह कागद पुढची दहा वर्षं तुमच्या फाइलमध्ये बसून प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगणार की हे बघून झालंय. ब्रिटनच्या नाइस या संस्थेचा नियम असा की टेस्टच्या आधी किमान 6 आठवडे, दिवसातून एकापेक्षा जास्त जेवणात, ग्लुटेन असलेलं खाणं हवं. म्हणजे आपल्याकडच्या हिशोबाने दोन्ही वेळा पोळी. परत सुरू केल्यावर फार त्रास होत असेल तर स्वतःच रेटू नका, डॉक्टरांना विचारून प्रमाण आणि दिवस ठरवा, पण टेस्ट होईपर्यंत "गहू सोडला, बरं वाटतंय, विषय संपला" असं करू नका.

मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, त्यामुळे माझं काय झालं तेवढं सांगते, जुळतंय का तुम्हीच बघा.

माझं माहेर सोलापूरकडचं. आमच्याकडे ज्वारीची भाकरी दोन्ही वेळा, पोळी सणावाराला नाहीतर पाहुणे आले की. लहानपणापासून मी बारीक आणि पांढरीफटक, पण पोटाची अशी तक्रार नव्हती. लग्न होऊन डोंबिवलीला आले आणि सकाळी पोळी-भाजी, डब्यात पोळी-भाजी, रात्री पोळी-भाजी, मधल्या वेळेत बिस्किट नाहीतर उपमा. वर्षभरात पोट बिघडलं ते बिघडलंच. सगळे म्हणाले इकडचं पाणी मानवत नाहीये. फिल्टर बसवला, मग उकळून प्यायला लागले, फरक शून्य.

त्यानंतर जे जे असतं ते सगळं झालं. जंताचं औषध झालं, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या उपाशीपोटी, कुटजारिष्ट, बेलाचा मुरंबा, चाळीतल्या एका काकूंनी बेंबी सरकलीये म्हणून तेल लावून पोट चोळून दिलं (त्या रात्री झोप छान लागली, एवढं त्यांचं श्रेय). हिमोग्लोबिन कायम आठ-नऊ, त्यावर लोहाच्या गोळ्या, गोळ्या संपल्या की परत खाली. बाईमाणूस असल्यामुळे त्याचं उत्तर तयारच असतं, पाळीत जास्त जात असेल. जात नव्हतं. कुणी विचारलं पण नाही.

आता यातला मला आजही चीड आणणारा भाग. मी माहेरी गेले की आठ-पंधरा दिवसांत पोट शांत व्हायचं. नवरात्रात नऊ दिवसांचे उपवास धरायचे, साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, तेव्हाही एकदम छान, उलट त्या दिवसांत मला जास्त उत्साह असायचा. हे मी डॉक्टरांना सांगितलं. त्यावरून निघालेला अर्थ काय, तर माहेरी बरं वाटतं म्हणजे सासरी मन रमत नाही, आणि उपवासात बरं वाटतं म्हणजे श्रद्धेमुळे मन शांत राहतं. झोपेची हलकी गोळी लिहून दिली. सासूबाई बिचाऱ्या किती दिवस याच विचारात की माझं काय चुकतंय. ज्वारी, साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, या सगळ्यांत समान काय आहे तर गहू नाहीये, हे इतकं समोर होतं आणि सगळेजण माझ्या मनात शोधत होते.

शेवटी सापडलं तेही पोटाच्या डॉक्टरकडे नाही. चक्कर येऊन पडले, हिमोग्लोबिन सातच्या खाली, म्हणून रक्ताच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी जुने सगळे कागद टेबलावर तारखेप्रमाणे लावले आणि म्हणाले, गोळ्या खरंच घेत होतात ना, मग लोह जातंय कुठे, आत शोषलंच जात नसणार. आणि मग विचारलं, दिवसाला पोळ्या किती खाता? इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता.

आधी एक एंडोस्कोपी झालेली होतीच, नॉर्मल. त्यांनी तो रिपोर्ट वाचला आणि विचारलं, बायोप्सी कुठंय? बायोप्सी म्हणजे अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासणं, ती घेतलीच नव्हती. इथे तुम्ही नीट लक्ष द्या, कारण तुमच्या प्रश्नात "सगळे रिपोर्ट नॉर्मल" हे तीनदा आलंय. नॉर्मल म्हणजे जेवढं बघितलं तेवढं नॉर्मल. सोनोग्राफीत लिव्हर, पित्ताशय, किडनी, सूज, पाणी हे दिसतं, आतड्याच्या आतलं अस्तर दिसत नाही. तोंडातून घातलेली दुर्बीण जठर ओलांडून लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीला थांबते. खालून घातलेली मोठं आतडं बघते आणि लहान आतड्याचं शेवटचं टोक, तेही डॉक्टरांनी मुद्दाम आत नेली तर. मधलं साधारण वीस फुटांचं लहान आतडं दोन्हींना दिसत नाही. आणि जे दिसतं तेही नुसत्या डोळ्यांना चांगलं दिसून तुकड्यात बिघडलेलं निघू शकतं. सिलिअ‍ॅकमध्ये हे बऱ्याचदा होतं, म्हणून तिथल्या पाच-सहा जागचे तुकडे घ्यायचे असतात, अस्तर वरून ठीक दिसत असलं तरी.

माझी आधी त्या अँटीबॉडीज शोधणारी टीटीजी-आयजीए नावाची रक्ततपासणी झाली, सोबत टोटल आयजीए. हे दुसरं नाव लिहून ठेवा. काही लोकांच्या अंगात आयजीए (अँटीबॉडीचा एक प्रकार) मुळातच कमी असतं आणि सिलिअ‍ॅकवाल्यांत असे लोक इतरांपेक्षा जास्त सापडतात, त्यांची पहिली टेस्ट फसवी निगेटिव्ह येते, टोटल आयजीए केलं तरच ते कळतं. माझी टीटीजी मर्यादेच्या कितीतरी पट वर आली, मग परत एंडोस्कोपी, या वेळी तुकड्यांसकट, आणि रिपोर्टमध्ये मार्श 3. मार्श म्हणजे अस्तर किती झिजलंय त्याची पायरी. लहान आतड्याला आतून बारीक बारीक धागे असतात, अन्न तेच शोषून घेतात, आणि धागे झिजलेल्या टॉवेलने अंग पुसावं तसं माझं चाललं होतं, खाणं आतून नुसतं फिरून जात होतं. लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, काहीच लागत नव्हतं. हाडांची डेक्सा तपासणी केली तर तीही ठिसूळपणाकडे झुकलेली.

कुणाला सुचलं कसं नाही याचं एक कारण असं की आपल्याकडे हा पंजाब-हरियाणाकडचा आजार समजतात, आणि ते अगदीच खोटं नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या मोठ्या पाहणीत उत्तरेकडे मोठ्या माणसांत साधारण 1.2 टक्के निघाला आणि दक्षिणेकडे 0.1 टक्के. पण त्याच पाहणीत हेही दिसलं की या आजाराकडे कल देणारी जनुकं सगळीकडे बऱ्यापैकी आहेतच, फरक पडतो तो ताटात गहू किती त्याचा. महाराष्ट्र मधे बसलेला. एका घरात भाकरी, शेजारच्या घरात पोळी, आणि आता तर रेशनपासून टिफिनपर्यंत सगळीकडे गहूच. गव्हावरचा संशय बळावला तोही ताटावरूनच, डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ होते, 1944-45 च्या दुष्काळी हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेना आणि त्यांच्या वॉर्डातली ही आजारी मुलं मात्र बरी राहिली, पाव परत आला तशी परत खंगायला लागली. माझ्या नवरात्रासारखंच की.

निदान झाल्यावर लोक म्हणतात, मग काय, गहू सोडायचा, सोपंय. तर पहिले काही महिने मी ज्वारीवर आले तरी टीटीजी उतरेना. कारण निघालं गिरणी. आमचा गिरणीवाला गव्हावर ज्वारी काढायचा, पहिलं मूठ-दोन मूठ पीठ गव्हाचंच यायचं माझ्या डब्यात. पॅकबंद पदार्थावर ग्लुटेन-फ्री लिहायचं तर आपल्या सरकारी नियमाने किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही, मग गिरणीतल्या त्या मुठीत किती असेल बघा. शेवटी घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच टाकायचा नाही हा सासूबाईंचा कायदा. त्यानंतर हिंग. डबीतल्या पुडीच्या हिंगात बऱ्याचदा मैदा मिसळलेला असतो, मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि हिंग तर आपल्या वरणापासून ताकापर्यंत सगळ्यात. थालीपिठाच्या भाजणीत गहू. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, आणि प्रसादाला नाही म्हणणारी सून म्हणून जे ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच. हल्ली सगळ्यात जास्त सल्ला येतो खपली गव्हाचा, की तो जुना आहे, पचायला हलका आहे, तो चालतो. सिलिअ‍ॅकला खपली चालत नाही, त्यातही ग्लुटेन आहेच. बन्सी, लोकवन, सेंद्रिय, कुठलाच नाही, आणि "सणाला एक पुरणपोळी खाल्ली तर काय होतंय" हेही नाही. उकडीचे मोदक मात्र पोटभर.

घरच्यांच्याही टेस्ट करायला सांगतात, आई-वडील, भावंडं, मुलं. माझा भाऊ पॉझिटिव्ह निघाला, त्याला आयुष्यात कधी पोटाचा त्रास नाही, दगड पचवेल असा गडी.

आता तुमचं. तुम्हाला सिलिअ‍ॅकच आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. गहू सोडून बरं वाटणं हा पुरावा नाही, आयबीएसवाल्या कितीतरी लोकांनाही वाटतं, कारण गव्हात ग्लुटेनशिवाय फ्रुक्टान नावाचा गॅस करणारा भाग असतो. आणि आयबीएस हा खोटा आजार नाही, "काही नाही हो तुम्हाला" याचं ते इंग्रजी नाव नव्हे, त्याचे ठरलेले निकष आहेत आणि उपचारही आहेत. माझा आक्षेप एवढाच की तुमच्या लिहिण्यात दोन गोष्टी आयबीएसमध्ये सहज बसत नाहीत, उतरलेलं वजन आणि झोपेतून उठवणारे जुलाब. यांचं कारण शोधल्याशिवाय तो शिक्का घेऊन घरी यायचं नसतं. शौचातून रक्त, बारीक ताप, हिमोग्लोबिन कमी, यातलं काही असेल तर आणखीच नाही. आपल्या देशात तर लहान आणि मोठं आतडं जुळतं त्या जागचा टीबी अजूनही चांगलाच दिसतो, आणि क्रोन्स नावाचा, आतड्याला सूज आणि जखमा करणारा आजार त्याच्यासारखाच दिसतो, दुर्बिणीतून जखमा बघूनही कधीकधी डॉक्टरांना दोन्हींत फरक करणं जड जातं. थायरॉइड वाढलं तरी वजन उतरतं आणि जुलाब होतात, ती तर साधी रक्ताची टेस्ट. पित्ताशय काढलेलं असेल तर त्यानंतर सुरू होणारे जुलाब वेगळेच असतात, ते तुम्ही लिहिलेलं नाही, असेल तर डॉक्टरांना सांगा.

शंभर-दोनशे पदार्थांची फूड इनटॉलरन्स टेस्ट म्हणून पॅकेज मिळतं, आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या अँटीबॉडीवर आधारलेलं, त्यावर पैसे घालवू नका. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता एवढंच बहुतेक वेळा दाखवतं. माझ्या एका मैत्रिणीला त्यात दूध, अंडी, शेंगदाणे, टोमॅटो सगळं बंद निघालं होतं, ती नुसती वाळत गेली.

पुढच्या वेळी गॅस्ट्रोच्या डॉक्टरकडे जाताना गूगलवर काय वाचलं ते सांगू नका, चिडतात आणि मग ऐकत नाहीत. पंधरा दिवसांचं एका कागदावर लिहून न्या, काय खाल्लं, कितीदा जावं लागलं, रात्री उठलात का, वजन किती. मग सरळ विचारा, एंडोस्कोपीत बायोप्सी घेतली होती का, टीटीजी आणि टोटल आयजीए झालंय का, शौचाची कॅलप्रोटेक्टिन केली तर आतड्याला सूज आहे की नाही ते कळेल का, कोलोनोस्कोपी (खालून घालायची दुर्बीण) लागेल का. आयबीएसच आहे म्हणाले तर विचारा की वजन का उतरलं. याला उत्तर न देता पुढचा पेशंट आत बोलावला तर दुसरा डॉक्टर बघा. आणि बायोप्सी झाली तर नुसता रिपोर्ट घेऊन येऊ नका, लॅबकडून स्लाइड आणि तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉकही मागून घ्या, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायची वेळ आली तर तेच लागतात.