हार्डनर, रात्रीची घरघर आणि श्वासाची चाचणी

प्रश्न : मी ऐरोलीत राहतो. रबाळ्याच्या एका कारखान्यात सहा वर्षे हार्डनर मिसळलेल्या पॉलियुरेथेन रंगाची फवारणी करतो. वर्षभर संध्याकाळी घरी आल्यावर खोकला लागतो आणि रात्री छातीत घरघर होते. शुक्रवारच्या सुट्टीला जोडून रजा घेतली की बरे वाटते. घरचे भिंतींच्या ओलीला दोष देतात. डॉक्टरांनी संशयित पदार्थच श्वासातून देऊन करायच्या चाचणीचा उल्लेख केला. ती धोक्याची असते का? आधी नोकरी सोडावी का? – एक वाचक

उत्तर : त्रास घरी होतो म्हणून कारण घरातच असेल, असा निष्कर्ष कृपया काढू नका. हार्डनरमध्ये, म्हणजे रंग कडक करणाऱ्या घटकात, आयसोसायनेट हे रसायन असते आणि त्याची प्रतिक्रिया अनेकदा चार ते आठ तासांनी उमटते; दुपारच्या फवारणीचा दम रात्री लागतो, तो त्यामुळेच. रजेत बरे वाटणे ही तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची नोंद आहे.

तुम्ही विचारलेली चाचणी कामावरच्या दम्याच्या निदानात प्रमाण मानली जाते. लंडनमध्ये ॲलर्जीतज्ज्ञ जॅक पेपिस यांनी १९७०च्या दशकात ती पद्धतशीर रूपात आणली. पहिल्या दिवशी हार्डनरविरहित रंगासारखा निरुपद्रवी नमुना देतात आणि दिवसभर फुप्फुसांची क्षमता मोजतात, म्हणजे नुसत्या चढउताराला प्रतिक्रिया समजण्याची चूक होत नाही. मग बंद कक्षात संशयित पदार्थ अत्यल्प प्रमाणात, प्रथम थोडाच वेळ देऊन, पुढे टप्प्याटप्प्याने वेळ वाढवतात आणि नंतर किमान सहा तास मोजमाप चालू ठेवतात. पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकलेली हवा १५ टक्के किंवा अधिक घटली, तर चाचणी सकारात्मक ठरते. तीव्र झटक्याचा धोका खराच आहे, म्हणून ती तातडीच्या उपचारांची सोय असलेल्या आणि या कामात मुरलेल्या केंद्रातच व्हावी. अशी केंद्रे जगभरातही मोजकीच आहेत. घरी किंवा कारखान्यात हार्डनर हुंगून ‘खात्री’ करण्याचा प्रयत्न कदापि करू नका.

सुदैवाने बहुतेक रुग्णांना तिथवर जावे लागत नाही. पीक फ्लो मीटर, म्हणजे जोराने फुंकलेल्या हवेचा वेग मोजणारे छोटे उपकरण, घ्या आणि दिवसातून किमान चार वेळा, कामाचे आणि सुट्टीचे दिवस दोन्ही येतील अशा रीतीने, चार आठवडे आकडे लिहा. प्रत्येक वेळी तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा नोंदवा. याच काळात मेथाकोलिन चाचणीही, म्हणजे श्वासनलिका किती संवेदनशील आहेत हे पाहणारी तपासणी, करून घ्यावी. फवारणी चालू असताना ती पूर्णपणे सामान्य आली, तर कामावरच्या दम्याची शक्यता बरीच कमी होते. काम सोडल्यावर काही महिन्यांनी केलेल्या चाचणीला तेवढा अर्थ उरत नाही. म्हणूनच, तीव्र झटके येत नसतील तर, नोंदी पूर्ण होईपर्यंत नोकरी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. झटका तीव्र असेल तर मात्र त्याच दिवशी फवारणी थांबवा. पुरावा जिवापेक्षा मोठा नाही. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी बेकरीतल्या पिठाच्या ॲलर्जीत बरीच उपयोगी पडते, पण आयसोसायनेटच्या बाबतीत ती नकारात्मक आली तरी दमा नाही असे म्हणता येत नाही.

निदान पक्के झाल्यास नुसत्या पंपावर फवारणी चालू ठेवणे योग्य नाही, आणि कापडी मास्क ही वाफ अडवत नाही. संपर्क जितक्या लवकर पूर्ण थांबेल तितकी बरे होण्याची शक्यता अधिक. कर्मचारी राज्य विमा योजनेला लागू असलेल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत कामावरच्या दम्याचा समावेश आहे, त्यामुळे विमाधारक असाल तर नोंदींची वही, हार्डनरच्या डब्यावरील माहितीचा फोटो आणि रजेच्या तारखा घेऊनच छातीरोगतज्ज्ञांकडे जा.