सिझरनंतर नॉर्मल व्हायचं असेल तर

ताई, आधी मागच्या सिझरचं डिस्चार्ज कार्ड शोध. पोटावरचा टाका आडवा दिसतो म्हणून गर्भपिशवीवरचा छेदही आडवाच असेल असं नाही, ते कार्डावरूनच कळतं. एकच सिझर, छेद खालच्या भागात आडवा आणि मध्ये दीड-दोन वर्षांचं अंतर असेल, तर प्रयत्न करणाऱ्या 100 पैकी साधारण 70-75 जणींचं नॉर्मल होतं. पिशवीवर उभा छेद असेल तर हा विचार सोडच.

कळांमध्ये जुना टाका फाटतो तो 200 त एखादीचा. पण फाटला की हातात मिनिटंच असतात. म्हणून घरी नाही, उपकेंद्रातही नाही. ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त चोवीस तास मिळतं तिथेच जा, बहुधा जिल्ह्याला. मेळघाट, गडचिरोलीकडे पावसाळ्यात नाल्याला पूर आला की 108 ची गाडीही पलीकडेच अडकते. तारखेच्या पंधरा दिवस आधी शहरातल्या नातेवाइकाकडे राहायला जा. आशाताईला आत्ताच सांगून ठेव.

कळा याव्यात म्हणून कुणी गोळी दिली तर घेऊ नको. मिसोप्रोस्टॉलसारख्या गोळीने पिशवी जोरात आवळते, ताण जुन्या टाक्यावर येतो.

कळ ओसरल्यावरही टाक्यापाशी दुखतच राहिलं, लाल रक्त गेलं किंवा चालू कळा एकदम थांबल्या, तर त्या क्षणी सिस्टरला हाक मार.