शिवणाचा क्लास सांगून मी तालमीला जाते

माईंशी हितगुज : वाचकांची पत्रं

माई, सप्रेम नमस्कार. मी मूळची वसईची. लग्न होऊन गोव्यात बार्देशात आले त्याला नऊ वर्षं झाली. नवरा तारवार असतो, वर्षातले सात-आठ महिने बोटीवरच. घरी मी, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. त्यांना मी मांय म्हणते. माहेरी दहा वर्षं गाणं शिकले. इथे चर्चच्या क्वायरमध्ये गाते. दिवाळीनंतर शेजारच्या वाड्यावरच्या मंडळींनी शिगम्याला देवळापुढे संगीत नाटक करायचं ठरवलं. रुक्मिणीच्या कामाला गाणारी बाई मिळेना. दिग्दर्शक म्हणजे माझ्या मुलाच्या शाळेतले सर. त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणून बसले. मांयना मात्र सांगितलं, की संध्याकाळी शिवणाचा क्लास लावलाय. परवा भाजी चिरता चिरता त्या म्हणाल्या, "इतले दीस शिकता, एक ब्लावज तरी शिंवलो गो?" माझ्या पोटात गोळाच आला.

नाटक ऐन कोरेज्मात, ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात येतंय. क्वायर बसवणारे मेस्त म्हणाले, मोतेत (कोरेज्मातली भक्तिगीतं) गा नाहीतर नाटक कर, दोन्हीकडे जमायचं नाही. नवऱ्याला मेसेज केला, तर उत्तर आलं, "आईला विचार." शिवाय माझ्याच मनात एक भीती आहे. पडदा उघडण्याआधी नांदीला सगळ्यांबरोबर हात जोडून उभी राहिले, तर ती माझ्या देवाशी बेइमानी होईल का? नाटक सोडून देऊ का? एक खरं सांगते, तालमीचे दोन तास सोडले तर दिवसभर माझं कुणाशी मराठीत बोलणंही होत नाही. मुलगाही माझ्याशी कोकणीतच बोलतो.

– बार्देशातली एक वाचक

ब्लाऊजपासूनच सुरुवात करू या.

तुझ्या मेस्तना नाटकाचं ठाऊक आहे. शाळेतल्या सरांना ठाऊक आहे, शेजारच्या अख्ख्या वाड्याला ठाऊक आहे. आणि तुला वाटतंय, की तुझ्या मांयला ठाऊक नाही? अगं, सकाळी पाववाला पोदेर सायकलचा हॉर्न वाजवत दारात येतो, तेव्हा पिशवीत उंडे पडतात आणि कानावर बातम्या. ती तुला शिवणाचं विचारत नव्हती. तिने दार किलकिलं करून दिलं होतं, तू उंबऱ्यावरूनच परत फिरलीस. तिला काय उत्तर दिलंस ते पत्रात लिहिलेलं नाहीस. म्हणजे आणखी एक थाप मारली असणार.

आधी नांदीचं उरकते, कारण तुझी झोप त्यानेच उडालेली दिसते. रुक्मिणीचं काम करणं म्हणजे रुक्मिणीची पूजा करणं नव्हे. गुड फ्रायडेच्या देखाव्यात येशूला क्रुसाची शिक्षा देणारा पिलात होणारा पोरगा ईस्टरला चर्चमध्ये मिस्सेला येतोच ना? त्याला कुणी वाळीत टाकत नाही. नांदीची गोष्ट थोडी वेगळी, हे तू बरोबर ओळखलंस. त्या वेळी तू रुक्मिणी नसतेस, तू तूच असतेस, आणि ती प्रार्थना असते. म्हणून भीडेखातर हात जोडू नकोस आणि भीतीपोटी विंगेत लपूनही बसू नकोस. सरांना आधीच सांग, "मी उभी राहीन, गाणार नाही." नाटकवाली माणसं ह्याने बिथरत नाहीत. त्यांना तिसऱ्या अंकात तू सुरात हवी असतेस. नारळ फोडायला त्यांच्याकडे दहा हात आहेत.

हे झालं माझं मत. तू तुझ्या पाद्री विगारांनाही विचार, पण स्वतः जाऊन. आपल्या बायका निरोप पाठवतात, मग उत्तरही निरोपानेच येतं आणि वाटेत त्याला शिंगं फुटतात.

कोरेज्मचं म्हणशील, तर शिगमा बहुतेक वर्षी त्यातच येतो. ईस्टर चंद्रावरून ठरतो आणि शिगमाही चंद्रावरून, त्यात कुणी मुद्दाम खोडी काढलेली नाही. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे उपासाचे दोन दिवस, शुक्रवारी मांस नाही, मिस्सेत ग्लोरिया आणि आलेलुया ही स्तुतिगीतं नाहीत, ऑर्गन फक्त गाण्याच्या साथीपुरता. नाटकाला बंदी ह्यात कुठेच नाही. तरी हा आनंद आवरता घ्यायचा काळ आहे एवढं ध्यानात ठेव. प्रयोग कर, प्रयोगानंतरची जेवणावळ टाळ. पवित्र आठवड्यात मात्र तालीम नको, मग सर रुसले तरी चालतील.

जाता जाता, ऑर्गनवरून आठवलं. पायाने भाता हलवत वाजवायचा तो ऑर्गन मराठी संगीत नाटकाने साथीला घेतला तो काही देवळातून नव्हे. शिगम्याच्या मांडवात तो वाजायला लागला, की मला अजून क्षणभर वाटतं, आता मिस्सा सुरू होणार.

मेस्तांच्या बाबतीत चूक तुझी आहे. मोतेतात एक आवाज गैरहजर असला, की उरलेल्यांची तालीम फुकट जाते. व्हायोलिनवाला, क्लॅरिनेटवाला कामावरून थकूनभागून आलेला असतो. क्वायरच्या तालमीचे किती शुक्रवार चुकवलेस ते पत्रात नाही, पण चुकवले असणार, त्याशिवाय माणूस असं तोडून बोलत नाही. ह्यात धर्माचा काही संबंध नाही, हजेरीचा आहे. दोन्ही वेळापत्रकं समोर ठेव. शुक्रवार क्वायरला दे आणि सरांना शुक्रवार सोडून तालीम लावायला सांग. तेही जमत नसेल तर ह्या वर्षी मोतेत सोड, पण मेस्तना तोंडावर सांगून सोड.

आता मांय. मी म्हापशाला आले ती १९८१ साली, तुझ्यासारखीच वसईहून, आणि सामानात माझा तंबोरा होता. लग्नानंतरच्या पहिल्याच फेस्ताला, चर्चच्या सणाला, घरच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी पाहुण्यांसमोर एक शेरा मारला, गाणाऱ्या बायकांबद्दल. तो इथे लिहीत नाही. त्याच रात्री मी तंबोरा जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर टाकला. शाळेत मराठी शिकवत होते, पोरं झाली, दिवस जात होते. मनात मात्र रोज जपमाळ ओढायचे, ह्या घराने माझं गाणं खाल्लं. अकरा वर्षांनी एका पावसाळ्यात कौलं गळली आणि कपाट हलवावं लागलं. चादर सोडली तर भोपळा एका बाजूने उकललेला, आत बुरशी आणि एका पालीचं वाळलेलं अंडं. मी तिथेच फतकल मारून रडायला लागले. नवरा दारात उभा. म्हणाला, "म्हाका दिसलें, तुकाच वाज आयला." त्याला वाटलं होतं, की गाण्याचा कंटाळा मलाच आला. अकरा वर्षांत मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. पुढच्या महिन्यात तो स्वतः मिरजेला जाऊन भोपळा बदलून घेऊन आला. गळा मात्र कुठे बदलून मिळत नाही. वरचा पंचम गेला तो गेलाच.

म्हणून सांगते, आजच सांग. ती आदोळीवर नारळ खवत बसली असेल तेव्हा समोर बस आणि म्हण, "मांय, मी शिवण शिकत नाही. नाटकात गाते. तुम्हाला खोटं सांगितलं, चुकलं माझं." आणि गप्प राहा. 'पण' म्हणून पुढचं वाक्य जोडू नकोस, आपल्या सगळ्या माफ्या त्या 'पण'ने नासतात. ती चिडेल. माझा अंदाज, नाटकापेक्षा थापेवर जास्त चिडेल. चार दिवस बोलणार नाही. चार दिवस स्वयंपाक कर, मुलाचा अभ्यास घे आणि तालमीला जाताना "तालमीला जाते" असं मोठ्याने सांगून जा. पाचव्या दिवशी तिला सांग, तू मराठीसाठी कशी झुरतेस ते. हे तू मला लिहिलंस, तिला कधी सांगितलंस का? नऊ वर्षं ती तुझ्याशी तिच्या भाषेत बोलतेय आणि तू तिच्या भाषेत उत्तर देतेयस. तुझं काही हरवलंय हे तिला कळणार कसं?

ती 'नको' म्हणालीच, तर तो 'नको' नीट ऐक. लोकांची भीती असेल, तर ती तिची एकटीची नाही, फार जुनी आहे. १७३६ साली इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाच्या, फर्मानाने ख्रिस्ती लग्नांत ओव्या गायलाही मनाई केली होती. इन्क्विझिशन १८१२ साली बंद झालं, पण आजीकडून नातीकडे जायचं ते गेलंच. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा शिवोलीच्या जागोराची, त्या लोकनाट्याची आठवण काढ. नाताळानंतर ख्रिस्ती आणि हिंदू मिळून ती रात्र जागवतात, आणि दुसऱ्या दिवशी कुणाचा धर्म उणा झालेला नसतो. तिच्या माहेरी कार्निव्हलात खेळ व्हायचे का, त्यात तिने काही गायलंय का, हेही विचार. आमच्या पिढीच्या बायकांच्या पोटात काय काय गाणी असतात, तुला कल्पना नाही.

कुणीतरी तुला संत पौलाचा दाखला देईल. करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय : मूर्तीला दाखवलेलं अन्न खाल्ल्याने बिघडत नाही, तरी दुबळ्या मनाचा भाऊ अडखळणार असेल तर मी ते खाणार नाही. वचन खरं आहे. पण ते बायकांची तोंडं बंद करायला फार वापरलं जातं. पौल स्वतःच्या ताटाबद्दल बोलत होता, सुनेच्या नव्हे. आणि तुझी मांय दुबळी आहे असं परस्पर ठरवून, तिला न विचारता तिच्यासाठी त्याग करशील, तर तो तिचाच अपमान होईल. (मिळालेली पैशांची थैली न वापरता जमिनीत पुरणाऱ्या चाकराचा दृष्टांत मी सांगत नाही. तो तू प्रवचनात पन्नासदा ऐकला असशील.)

ती कधी मोकळी झाली, तर एका सकाळी तिला पर्वरीच्या झेवियर सेंटरला घेऊन जा. तिथे आंजेलो द फोन्सेका ह्यांची चित्रं आहेत. १९०२ साली सांतेस्तेव्हला जन्मलेला हा माणूस शांतिनिकेतनात शिकला आणि मारिया मातेला त्याने साडी नेसवली. तेव्हाच्या गोव्याला ते रुचलं नाही. तो पुण्याला गेला, आश्रमात राहून चित्रं काढत राहिला आणि १९६७ साली तिथेच वारला. आज त्याच चित्रांपुढे आपल्या बायका नकळत छातीवर क्रुसाची खूण करतात, मी पाहिलंय. तुला तर गावही सोडायचं नाही, दोन वाडे ओलांडून जायचंय.

नवऱ्याच्या 'आईला विचार'वर फार जळू नकोस. भर समुद्रात त्याला नेटवर्क मिळतं दहा मिनिटं, त्यात सासू-सुनेचा निवाडा कोण करणार? मांयशी बोलून झालं, की त्याला विचारू नकोस, कळव. आणि एका पदाचं रेकॉर्डिंग पाठव.

प्रयोगाला मला बोलाव. पुढच्या रांगेत दोन खुर्च्या ठेव, एक माझी. दुसरीवर कोण बसतंय ते बघू.

आणखी एक छोटं पत्र आहे, सांगे तालुक्यातल्या तरुणाचं. तो येशूच्या जीवनावर मराठीत ओव्या लिहितो. वडील म्हणतात, ओवी आपली नव्हे, हिंदूंची, आणि लिहायचंच तर कोकणीत लिही. थांबू का, असं विचारतो.

थांबू नकोस, बाबा. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला, आणि १६१६ साली त्याचं ख्रिस्तपुराण राशोलला छापून निघालं. सुमारे ११,००० ओव्या, भाषा मराठी, छपाईची अक्षरं रोमन. १९०७ साली ते मंगळुरात पुन्हा छापलं गेलं. तेव्हा ओवी कुणाची हे भांडण तुझ्या घरी चारशे वर्षं उशिरा पोचलंय. वडिलांचं दुसरं म्हणणं मात्र झटकून टाकू नकोस. ज्या भाषेत ते देवाशी बोलतात, तिच्यात एक तरी कडवं लिही आणि त्यांना वाचून दाखव.

आणि पाठवलेल्या चार ओव्यांबद्दल : दुसरी छान आहे, गव्हाणीतल्या गवताचा वास आला. तिसरीत 'प्रकाश' तीनदा आलाय, दोन काढ. पहिल्या तीन चरणांची यमकं जुळवलीस, पण चौथा चरण आखूड हवा, तुझा लांबतो आणि गाताना दम लागतो. पुढच्या ओव्या कागदावर लिहून टपालाने पाठव, फोनवरची अक्षरं माझ्या डोळ्यांना झेपत नाहीत.